माळकरी आई-वडील, मुंबईचा मुक्काम आणि बाहेरचे जेवण

आपण यावल तालुक्यातून लिहिले आहे. आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही हे उत्तर कशाचे आहे ते कळेल. आपले आई-वडील माळकरी आहेत. वडिलांच्या तपासण्यांसाठी आठवडाभर परळला जाणे-येणे राहील, मुक्काम दादरला असेल, सोबत पत्नी आणि पिझ्झा मागणारा सात वर्षांचा मुलगा आहे. त्याच आठवड्यात बहिणीच्या होणाऱ्या सासरची मंडळी अंधेरीकडे एखाद्या हॉटेलात सर्वांनी जेवायला भेटू या, असे म्हणत आहेत आणि ती मंडळी मासे-मटण खाणारी आहेत. मुंबईतील शुद्ध शाकाहारी हॉटेलांची यादी आपल्याला हवी आहे, आणि सोयऱ्यांसोबत मिश्र हॉटेलात बसणे आई-वडिलांना चालण्यासारखे आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

मी मुंबईत हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत बरीच वर्षे काम केले. आधी मदतनीस म्हणून, पुढे तंदूर आणि करीच्या विभागात. आता जळगाव जिल्ह्यातच लग्नकार्यांचे स्वयंपाक घेतो. त्या अनुभवावरून सांगतो की नुसती यादी आपल्याला दोन दिवस पुरेल. तिसऱ्या दिवशी तपासणी लांबेल, यादीतले हॉटेल तीन वाजता बंद झालेले असेल आणि समोर जे दिसेल तेथे बसावे लागेल. त्यामुळे अनोळखी स्वयंपाकघरात काय शिजते आणि कशात शिजते, हे बाहेर टेबलावर बसून कसे ओळखावे, हा आपला खरा प्रश्न आहे असे मी धरतो. माझे मत असे की पाटीपेक्षा त्या स्वयंपाकघराची रोजची सवय पाहावी. जेथे मांस आत येतच नाही तेथे सरमिसळ होण्याला जागा उरत नाही. जेथे ते येते तेथे नियम कितीही चांगले असले, तरी शनिवारी रात्री नऊच्या गर्दीत ते पाळले जाणे हे त्या वेळी कढईपाशी उभ्या असलेल्या एका माणसाच्या दक्षतेवर अवलंबून राहते.

त्याआधी एक गोष्ट घरातच ठरवावी लागेल, आणि ती मी आपल्यासाठी ठरवू शकत नाही. शाकाहार पाळणाऱ्या सगळ्या माणसांचे नियम सारखे नसतात. काहींना ताटात मांस, मासे आणि अंडे नसले की पुरते. काहींना तवा, तेल आणि भांडी वेगळी लागतात. ज्या हॉटेलात मांस शिजते तेथे पाणीही न घेणारी माळकरी आणि महानुभाव पंथी माणसे आपल्या भागात भरपूर आहेत. त्यात कांदा-लसणाचा प्रश्न निराळा, कारण एरवी कांदा खाणारी माणसेही चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे सोडतात. शिवाय शेजारच्या टेबलावर दारू चालू असेल तर जेवण घशाखाली उतरत नाही अशीही मंडळी आहेत, मग ताटात काहीही असो. यातले आपल्या आई-वडिलांना नेमके काय लागू होते, ते त्यांना स्पष्टपणे विचारावे. विशेषतः आईला, कारण आपल्याकडच्या आया "माझे काय, मला कुठेही चालते" असे म्हणतात आणि मग आठवडाभर दहीभातावर काढतात. प्रवासात मुलाला त्रास नको म्हणून त्या बोलत नाहीत. निघण्यापूर्वी घरी विचारले तर बोलतात.

आता स्वयंपाकघराविषयी. आपल्या धुळे-जळगाव-भुसावळ महामार्गावरचे ढाबे आठवा. काळा मसाला आणि खोबऱ्या-कांद्याचे वाटण तेलात परतून एका मोठ्या पातेल्यात रस्सा तयार असतो. मिश्र ढाब्यावर त्याच रश्श्यात शेव पडली की शेवभाजी होते, उकडलेली अंडी पडली की अंडाकरी आणि शिजवलेले चिकन पडले की चिकन. तो मूळ रस्सा बहुधा शाकाहारीच असतो, कारण तसा केल्यानेच तो सगळीकडे वापरता येतो. घोटाळा होतो तो डावामुळे. एका भांड्यातून रस्सा घेऊन दुसऱ्या कढईत हलवलेला डाव पुन्हा मोठ्या पातेल्यात जातो, आणि मग त्या पातेल्याला शाकाहारी म्हणावे की नाही याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या नियमानुसार द्यायचे.

मुंबईच्या मिश्र हॉटेलात हेच मोठ्या प्रमाणावर चालते. सकाळी दोन-तीन मूळ ग्रेव्ह्या तयार होतात: कांदा-टोमॅटोची, टोमॅटो-लोण्याची लाल आणि काजू-मगजबीची पांढरी. मेन्यूवर चाळीस भाज्या दिसल्या तरी त्या याच ग्रेव्ह्यांतून निघतात, आणि चिकनचे पदार्थही त्यांतूनच निघतात. चांगल्या हॉटेलात शाकाहारी कढया, डाव आणि ते ठेवण्याची जागा वेगळी असते. मध्यम हॉटेलात कढई वेगळी असते, डाव एकच असतो. लहान हॉटेलात दोन्ही एकच असतात आणि दोन ऑर्डरींच्या मध्ये पाण्याचा एक हबका मारला जातो. ग्राहकाला फसवावे असा कोणाचा हेतू नसतो. शेगड्या कमी असतात आणि ऑर्डरी जास्त असतात.

ग्रेव्हीपेक्षाही तीन जागा अधिक कठीण आहेत. पहिली जागा तंदूर. बहुतेक मिश्र हॉटेलांत तंदूर एकच असतो. भिंतीला रोटी लागलेली असते आणि मध्ये सळईवर चिकन लटकत असते, त्याची चरबी खाली निखाऱ्यावर गळून तिचा धूर रोटीपर्यंत जातो. पनीर टिक्क्याच्या सळया वेगळ्या ठेवणारी हॉटेले आहेत, पण लोणी लावायचा कुंचला वेगळा ठेवणारी फार थोडी. दुसरी जागा तळणीची. बटाट्याच्या काचऱ्या, व्हेज मंचुरियनचे गोळे आणि चिकन लॉलीपॉप यांना मिळून एकच तळणी असेल तर तेल वेगळे असण्याचा प्रश्नच उरत नाही. तिसरी जागा चायनीजची मोठी शेगडी. तेथे कढई दर ऑर्डरीला पाण्याने आणि काड्यांच्या ब्रशने धुतली जाते, त्यामुळे ती वरवर स्वच्छ वाटते; पण शेगडीच्या कडेला स्टॉकचे, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेल्या पाण्याचे, जे भांडे उकळत असते ते चिकनच्या हाडांचे असू शकते. सूप आणि ग्रेव्ही नूडल्समध्ये त्यातला डावभर स्टॉक पडला तर ताटात मांसाचा तुकडा नसतो आणि पदार्थ तरीही शाकाहारी राहत नाही. म्हणून मिश्र हॉटेलात माळकरी माणसासाठी सूप मी कधीच सुचवत नाही.

मोठ्या हॉटेलांत भाजी चिरण्याच्या पाट्यांना रंग ठरवलेले असतात. कच्च्या मांसाला लाल, मासळीला निळा, सॅलड-फळांना हिरवा, अशी पद्धत सर्रास आहे. स्वयंपाकघर उघडे असेल तर हे रंग बाहेरूनही दिसतात. असे रंग दिसले तर तेथे निदान शिस्त शिकवलेली आहे एवढे समजावे, त्याहून अधिक काही समजू नये.

पदार्थात लपून येणाऱ्या वस्तूंचीही माहिती असावी, कारण मुंबईत मेन्यू फार लांबलचक असतात आणि मुलगा नवीन काहीतरी मागणारच. थाई करीच्या तयार मसाल्यात बहुधा सुकी कोळंबी वाटलेली असते आणि थाई स्वयंपाकात मिठाच्या जोडीला माशाचा सॉस चालतो. चायनीज पदार्थांत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा, येऊ शकतो. सिझलरच्या सॉसमध्ये वूस्टरशायर सॉस असू शकतो. त्याच्या मूळ कृतीत अँचोव्ही नावाचे बारीक मासे आहेत, जरी बिनमाशांचे प्रकारही बाजारात मिळतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्येही बहुधा तेच मासे असतात. कोरियन किमचीत माशाचा सॉस किंवा कोळंबी घालण्याची रीत आहे, तर जपानी सूपचा पाया अनेकदा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पाण्याचा असतो. खऱ्या पार्मेझान चीजसाठी वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे द्रव्य, वापरतात. आपल्या बाजारात पिझ्झावर येणारे भारतीय चीज मात्र सहसा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटचे असते आणि त्याच्या पाकिटावर हिरवी खूण असते. थंडगार मूस, चीजकेक आणि मार्शमेलो यांत जिलेटिन असू शकते, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. नानच्या पिठात अंडे घालणारी हॉटेले आहेत, म्हणून नानऐवजी तंदुरी रोटी किंवा फुलका मागवलेला बरा.

अंड्यासंबंधी थोडे अधिक सांगतो. आपल्या देशाच्या लेबलच्या नियमांत अंडे मांसाहारी गटात येते. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध त्या गटात येत नाहीत. पाकीटबंद पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल तर अंडे नाही, हे धरून चालावे. मांसाहारी पदार्थाची जुनी खूण तपकिरी ठिपक्याची होती. २०२० च्या नियमांनी ती तपकिरी त्रिकोणाची केली, कारण रंग ओळखता न येणाऱ्यांना दोन ठिपके सारखेच दिसत. ही खूण पाकिटावर भरवशाची आहे. मेन्यूवर छापलेला हिरवा ठिपका मात्र पदार्थात काय घातले आहे तेवढेच सांगतो, तो कोणत्या तेलात तळला आहे ते त्यावरून कळत नाही.

मग विचारायचे कसे? "व्हेज आहे ना?" या प्रश्नाला वेटर नेहमी "हो" म्हणतो, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेही असते. प्रश्न वस्तूविषयी विचारावा. तळणीचे तेल एकच आहे का? सूपमध्ये स्टॉक कशाचा आहे? तंदूर एक की दोन? स्वयंपाकघरे दोन आहेत, की एकाच स्वयंपाकघराचे दोन कोपरे आहेत? हे प्रश्न वेटरला न विचारता कॅप्टनला, म्हणजे वेटरांवर देखरेख करणाऱ्याला, विचारावेत, कारण आत जाऊन विचारण्याचा अधिकार आणि सवड त्याला असते. उत्तर देण्याआधी तो आत जाऊन आला तर ती चांगली खूण आहे. जागेवरूनच मान हलवून "सब अलग है, साहब" म्हणाला तर वरण-भात आणि दही मागवून मोकळे व्हावे. सर्वांत उत्तम म्हणजे दुपारी चार ते साडेपाचच्या दरम्यान फोन करावा. त्या वेळी दुपारची गर्दी सरलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते आणि आचारी स्वतः फोनवर येऊ शकतो.

जेवायची वेळही आपल्या हातात आहे. दुपारी साडेबाराला किंवा संध्याकाळी सव्वासातला बसावे. कढया, डाव आणि तळणी तेव्हा नुकत्याच धुतलेल्या असतात, बऱ्याच ठिकाणी तेलही त्याच सुमारास बदललेले असते, आणि कॅप्टन आपले म्हणणे पुरते ऐकून घेतो. तेच हॉटेल रात्री साडेनऊला वेगळे असते.

कांदा-लसूण नको असेल तर मुंबईत एक सोपा मार्ग आहे. "कांदा नको, लसूण नको" असे समजावत बसण्यापेक्षा "जैन" म्हणून ऑर्डर द्यावी. शहरात जैन ग्राहक इतके आहेत की पावभाजीच्या गाडीपासून मोठ्या हॉटेलापर्यंत त्याची पद्धत बसलेली असते; केओटीवर, म्हणजे आत जाणाऱ्या ऑर्डरीच्या चिठ्ठीवर, 'जैन' असे छापून येते आणि आचारी वेगळी ग्रेव्ही घेतो. बटाटाही वगळला जातो, म्हणून जैन पावभाजीत कच्ची केळी असतात. आई-वडिलांना ते आधी सांगून ठेवावे, नाहीतर चव वेगळी का लागते असे त्यांना वाटेल. मात्र जैन ऑर्डर म्हणजे वेगळे तेल आणि वेगळी भांडी असे मिश्र हॉटेलात गृहीत धरू नये. तेथे ती घटकांपुरतीच असते.

आता ठिकाणे. आपला मुक्काम दादरला आणि काम परळला आहे, ही मोठी सोय आहे, कारण मांस आत न येणारी जुनी स्वयंपाकघरे या पट्ट्यात दाट आहेत. दादर पश्चिमेला स्टेशनजवळ १९१० पासूनचे मामा काणे आहे. गोखले रस्ता आणि शिवाजी पार्काच्या भागात प्रकाश आणि आस्वाद आहेत. थालीपीठ, मिसळ, साबुदाणा वडा, पियूष असे मराठी पदार्थ तेथे मिळतात आणि आई-वडिलांना मेन्यू वाचून दाखवावा लागत नाही. त्याच भागात मालवणी-गोमंतकी मासळीची हॉटेलेही नावाजलेली आहेत, त्यामुळे "दादरला मराठी जेवण" एवढाच शोध घेऊ नये. दादरहून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने पुढचे स्टेशन माटुंगा. स्टेशनाबाहेर पूर्वेलाच ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, जेथे केळीच्या पानावर जेवण मिळते. किंग्ज सर्कलच्या बाजूला कॅफे मद्रास आहे. तपासणीला उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर ते आटोपल्यावर इडली आणि उपमा यांच्यासारखे हलके दुसरे काही नाही. सांबारात कांदा असू शकतो, तेवढे लक्षात ठेवावे. चटणीबद्दल विचारून घ्यावे.

काळबादेवीला १९४५ पासून चालत आलेले श्री ठाकर भोजनालय आहे, तेथे गुजराती थाळी मिळते. शाकाहाराच्या दृष्टीने हा परिसर बराचसा सोयीचा आहे, पण खान्देशी जिभेचा विचार करून एक सूचना देतो. गुजराती वरणात आणि भाज्यांत गूळ असतो. काळ्या मसाल्याची शेवभाजी, घोटलेली वांग्याची भाजी आणि ठेचा यांवर वाढलेली माणसे पहिल्या घासाला एकमेकांकडे बघतात. आमच्या भागातली मंडळी मुंबईत उपाशी राहतात ती नियमामुळे कमी आणि गोड वरणामुळे जास्त. थाळी वाढणाऱ्याला "दाळ तिखी" सांगितले तर कित्येक ठिकाणी वेगळी वाटी येते. न आल्यास सोबत नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा आणि लसणाशिवायच्या ठेच्याचा उपयोग होतो. ज्वारी-बाजरीची भाकरी मराठी खानावळींत मिळते. कळण्याच्या भाकरीची आशा सोडावी. 'खान्देशी शेवभाजी' असे लिहिलेले दिसले तरी तिच्यात बहुतेक ठिकाणी तीच मघाची कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही असते.

रुग्ण सोबत असला की संध्याकाळी बाहेर पडण्याचे त्राण उरत नाही आणि फोनवरून जेवण मागवले जाते. ॲपमध्ये शुद्ध शाकाहारी हॉटेले गाळून दाखवण्याची सोय आहे, ती वापरावी, पण त्यात एक मेख आहे. नुसते घरपोच जेवण देणारी अनेक स्वयंपाकघरे एकाच जागेतून तीन-चार नावांनी व्यवसाय करतात. एका नावाने थाळी, दुसऱ्याने बिर्याणी, तिसऱ्याने चायनीज. शाकाहारी नावाच्या पानावर तळाशी अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आणि पत्ता दिलेला असतो. त्याच पत्त्यावर, त्याच क्रमांकावर बिर्याणीचेही दुकान दिसले तर स्वयंपाकघर एकच आहे असे समजावे. ज्या हॉटेलात आपण एकदा बसून जेवलो आहोत तेथूनच मागवणे, हा माझा स्वतःचा नियम आहे.

आता सोयऱ्यांच्या जेवणाकडे येतो, कारण आपल्या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग तोच आहे. येथे अन्नापेक्षा माणसे सांभाळायची आहेत. मुलीकडची बाजू म्हणून "तुम्ही म्हणाल तेथे" असे म्हणण्याची आपली रीत आहे, आणि मग व्याही मंडळी आपल्या आवडीचे, बहुधा मासळीसाठी प्रसिद्ध असलेले हॉटेल सुचवतात. त्यांना आई-वडिलांची माळ माहीत नसते. माहीत असली तरी 'व्हेजही मिळते' एवढ्यावर त्यांचे समाधान असते. माझा स्पष्ट सल्ला असा की ही भेट पूर्ण शाकाहारी हॉटेलात ठेवावी आणि तसे आपणच आधी सुचवावे. मांसाहार करणाऱ्या माणसाचे एक जेवण शाकाहारी झाले तर त्याच्या कोणत्याही नियमाला बाध येत नाही. माळकरी माणसाच्या बाबतीत तसे नसते. शिवाय पुढे आयुष्यभर एकमेकांच्या घरी ताटे वाढायची आहेत, तेव्हा आई-वडिलांचा नियम पहिल्याच भेटीत कळलेला बरा. "आईबाबा माळकरी आहेत, म्हणून यावेळी शाकाहारी ठिकाणी भेटू, बिल आमच्याकडे" असे बहिणीने होणाऱ्या जावईबापूंना सांगावे. मुलांकडून गेलेला निरोप मोठ्यांना टोचत नाही. अंधेरीहून जवळ, जुहूला इस्कॉनच्या मंदिरात गोविंदाज आहे. तेथे कांदा-लसूणही नसते, त्यामुळे आई निःशंक मनाने जेवतील. फक्त तेथे चहा-कॉफीची अपेक्षा ठेवू नये, कारण त्या संप्रदायात ती वर्ज्य आहे, आणि बैठक लांबवायची असेल तर नंतर चहासाठी दुसरीकडे जावे लागेल. पंजाबी-चायनीज-मिठाई असा मोठा मेन्यू असलेली पूर्ण शाकाहारी हॉटेलेही पश्चिम उपनगरांत सहज सापडतात. दोन्ही बाजूंची मुले-बाळे असतील तर तीच अधिक सोयीची.

तरीही मिश्र हॉटेलातच जाणे भाग पडले, तर आई-वडिलांचा नियम घटकांपुरताच आहे असे धरून पुढचे सांगतो. भांड्यांचा नियम असेल तर त्यांनी तेथे जेवूच नये, घरून जेवून निघावे आणि तेथे सीलबंद पाणी किंवा शहाळे घ्यावे, यात अपमान कोणाचाच नाही. बुफे पूर्णपणे टाळावा. बुफेत चिमटे आणि डाव पाहुण्यांच्या हातात असतात, आणि चिकनच्या भांड्यातला डाव पनीरच्या भांड्यात गेलेला मी रोज पाहिला आहे. परमिट रूम असलेल्या हॉटेलात कुटुंबासाठीचा वेगळा भाग मागावा. टेबल तंदुराच्या काचेसमोर किंवा मासळी मांडून ठेवलेल्या कपाटाजवळ नको, हे जागा राखतानाच सांगावे. आदल्या दिवशी फोन करून आई-वडिलांचे तीन-चार पदार्थ नक्की करून ठेवावेत, आणि ते तळणीचे किंवा तंदुराचे नसावेत: जिरा राईस, तडका दाळ, तव्यावरचा फुलका, दही. आलू-जिरा किंवा भेंडीसारखी कोरडी भाजी नेहमी ग्रेव्हीच्या भाजीपेक्षा बरी, कारण ती ऑर्डर आल्यावर नव्याने कढईत पडते आणि तिला सकाळच्या पातेल्यातला डाव लागत नाही. त्यांचे जेवण आधी मागवावे आणि आधी वाढायला सांगावे. टेबलाच्या ज्या टोकाला आई-वडील बसतील त्या टोकाला शाकाहारी खाणाऱ्यांनीच बसावे, म्हणजे माशाचे ताट त्यांच्या समोरून फिरत नाही. एवढी व्यवस्था आपण शांतपणे केली, तर सोयऱ्यांना अवघडल्यासारखे होत नाही आणि आईला पदर नाकाला लावावा लागत नाही.

मुलाच्या पिझ्झाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. पूर्ण शाकाहारी हॉटेलांत पिझ्झा मिळतोच. साखळी दुकानात गेलात तर भट्टी आणि कापायची सुरी एकच आहे का, तेवढे विचारावे. केक मात्र बिनअंड्याचा असे मुद्दाम सांगून घ्यावा, कारण शहरातल्या कित्येक बेकऱ्या दोन्ही प्रकार एकाच कपाटात ठेवतात.

राहिली एकादशी. ती महिन्यात दोनदा येते, तेव्हा तपासणीची तारीख घेतानाच पंचांग पाहावे. दादर-गिरगावच्या मराठी उपाहारगृहांत त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, साबुदाणा वडा आणि उपवासाचे इतर पदार्थ मिळतात. तळलेल्या पदार्थाच्या बाबतीत तेच जुने तेल आडवे येते: साबुदाणा वडा आणि बेसनात बुडवलेला बटाटा वडा एकाच कढईत तळला जात असेल तर कडक उपवास करणाऱ्याला तो चालणार नाही. म्हणून वड्याऐवजी खिचडी घ्यावी, आणि ती सकाळी नऊच्या आत घ्यावी, कारण एकादशीला ती लवकर संपते आणि दुपारची दुसऱ्यांदा केलेली गिचका होते. भगर आणि शेंगदाण्याचे कूट घरून नेले असेल, आणि उतरण्याच्या ठिकाणी शेगडी वापरू देतात का हे आरक्षण करतानाच विचारून ठेवले असेल, तर वडिलांच्या औषधांच्या वेळा सांभाळणेही सोपे जाईल.